बंड करण्यास हरकत नाही

रामप्रसाद सरांचं आयुष्याकडं एकच मागणं होतं. आपण बोलायला लागलो की समोरच्यानं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं. बंगला मागितला नाही, गाडी मागितली नाही. पण उंबरवाडी फाट्यावर बंगला मिळणं त्यापेक्षा सोपं होतं.

सर हायस्कुलात भूगोल शिकवायचे. सव्वीस वर्षं झाली, पृथ्वी सूर्याभोवती फिरते एवढं सांगून होईपर्यंत घंटा व्हायची, त्यामुळं ती फिरते हे गावातल्या सगळ्यांना माहीत आहे, का फिरते ते एकालाही नाही. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी "मला काय वाटतं," असं म्हटलं की नेमका चहा यायचा. घरी दैवशालाबाई अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका. चाळीस अंगणवाड्यांची कारणं ऐकून ऐकून वाक्याच्या तोंडावरून शेपूट ओळखायची त्यांना सवय झालेली. सरांनी वाक्य उचललं की बाई ते पुरं करून खाली ठेवायच्या. बाईंनी केलेला शेवट सरांच्या मनातल्या शेवटापेक्षा बहुतेक वेळा बरा असायचा, हे खरं दुखणं.

त्यात कचेरीचं प्रकरण झालं. सरांच्या घराच्या उताऱ्यावर त्यांचं नाव 'रामप्रसादबाई' असं पडलं होतं. ते दुरुस्त करायला सरांनी तालुक्याला नऊ खेपा घातल्या. खिडकीत राधेश्याम नावाचे बाबू बसायचे. माणूस वाईट नव्हता. सर "त्याचं असं झालं," म्हणेपर्यंत तो थांबायचा आणि मग अगदी मायेनं सांगायचा, "साहेब जेवायला गेलेत." सकाळी अकराला गेलं तरी साहेब जेवायला गेलेले, दुपारी चारला गेलं तरी जेवायलाच. कचेरी कुठली, हे सांगण्यात काही हशील नाही. तुम्ही जिथं गेला होतात तीच समजा.

अशा मनःस्थितीत सर दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला जालन्याला गेले आणि तिथं मागच्या बाकावर एका सहकाऱ्याच्या मोबाइलवर त्यांनी तो प्रकार पाहिला. कुठल्याशा थंड मुलखातली तीन माणसं एका शेडमध्ये उड्या मारत होती. एक जण गिटार बडवत होता, एक जण ढोल, आणि तिघंही कोणीतरी पायावर जातं टाकल्यासारखे बोंबलत होते. एक मिनिट वीस सेकंदांत गाणं संपलं. सहकारी हसला. सर हसले नाहीत. समोरच्या लोकांना तोंड उघडायला सवड मिळायच्या आत या माणसांनी आपलं म्हणणं संपवलं होतं, हे त्यांच्या भूगोली नजरेतून सुटलं नाही. या प्रकाराला 'गॅरेज पंक' म्हणतात, असं त्यांना कळलं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी शिवाजी पुतळ्याजवळच्या दुकानातून एक जुनी गिटार घेतली आणि प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी ते हजेरीला सही करून उंबरवाडीला परत आले.

गॅरेज तयारच होतं. फाट्यावर कडूबाचं गॅरेज होतं. तिकडच्या मुलखात म्हणे गॅरेजात गाडी ठेवतात. कडूबाच्या गॅरेजात गाडी सोडून सगळं होतं, गाड्या रस्त्यावर उभ्या असायच्या. कडूबाला सरांनी कल्पना सांगितली, म्हणजे अर्धी सांगितली, कारण मध्येच त्याला एक ट्रॅक्टर आला. पण अर्धीच ऐकून तो तयार झाला. त्याच्या मते गाणं आणि इंजिन यात काही फरक नाही, दोन्हींत हवा आणि आवाज बराबर बसला पाहिजे. त्यानं गिटारच्या तारा दहा नंबरच्या पान्यानं आवळल्या आणि स्वतःसाठी वाद्य म्हणून एक जुनी राजदूत मोटारसायकल घेतली. तिचा सायलेन्सर काढून टाकला. गाणं जोरात आलं की तो गाडी पिळायचा.

ढोलाला माणूस मिळत नव्हता. तेव्हा उपकेंद्रातल्या सिस्टर प्रियदर्शनी गाडीची क्लच-वायर बदलायला आल्या होत्या. त्यांनी थोडा वेळ तमाशा पाहिला, मग पर्स खुंटीला अडकवली, दोन लोखंडी गज उचलले आणि ऑइलच्या दोन पिंपांवर असा हात टाकला की कोपऱ्यातल्या बॅटऱ्या चार्ज झाल्या असं कडूबा आजही सांगतो. बाई लहानपणापासून चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत वाजवत आलेल्या. शिवाय नाडी मोजायचं सेकंदकाट्याचं घड्याळ त्यांच्या मनगटावर होतं. बँडाचा ताल आणि हिशोब दोन्ही त्यांच्याकडं आले.

गाणं एकच होतं. सरांनी नऊ खेपांच्या तपश्चर्येतून ते लिहिलं होतं.

साहेब जेवायला गेलेत,
अकराला गेलेत, चार वाजलेत,
एवढं काय जेवून राह्यलेत,
साहेब जेवायला गेलेत.

हे पाच वेळा म्हणायचं, दर वेळी आधीपेक्षा जोरात. पाचव्या वेळी सरांनी उडी मारायची. सरांचं वय एक्कावन्न आणि डावा गुडघा बासष्टचा. सिस्टरांनी तपासून उजव्या पायावर अर्धा फूट उडीची शिफारस केली. सगळं मिळून एक मिनिट चाळीस सेकंद.

आता गावात एखादी गोष्ट सुरू झाली आणि बद्रीअण्णांनी तिला सल्ला दिला नाही, असं होत नाही. बद्रीअण्णा सरांचे शेजारी, निवृत्त तलाठी. त्यांनी गॅरेजात येऊन आधी पिंपावर टिचकी मारून पाहिली, मग पंक या शब्दाचा अर्थ काढला. पंक म्हणजे चिखल. चिखलातून उगवतं ते पंकज. म्हणजे गॅरेज पंक म्हणजे गॅरेजातला चिखल, आणि मास्तर माणसानं स्वतःला चिखल म्हणवून घेणं बरं दिसत नाही. त्यापेक्षा 'स्वरपंकज' ठेवा, मधी एक हार्मोनियम घाला, राजदूत काढा, आणि सिस्टरांना साडी नेसायला सांगा. सर म्हणाले, "अण्णा, मला काय वाटतं," तेवढ्यात अण्णांना घरून हाक आली.

पाटी रंगवणाऱ्याचं मत आणखी वेगळं पडलं. त्यानं 'गॅरेज पंक' वाचलं, लिहून देणाऱ्याची शाई संपली असावी असं समजला, आणि भल्या मनानं स्वतःच्या रंगात 'क' अर्धा करून पुढं 'चर' जोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात सायकली आणि एक बैलगाडी आली. सरांचा अपमान झाला. कडूबाचा झाला नाही.

बँडाची कारकीर्द धावड्याला सुरू झाली. कडूबाच्या साडूच्या घरी लग्न होतं. 'बँड' म्हटल्यावर त्यांनी वरातीला बोलावलं. सरांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला की आमचा बँड त्यातला नव्हे, पण ते वाक्य साडूच्या "बरं बरं, जल्दी या" मध्ये बुडालं. नवरदेव घोडीवर बसला, कडूबानं राजदूत पिळली, सर ओरडले, आणि घोडी निघाली. निघाली ती भोकरदनच्या रस्त्याला लागली. नवरदेव तिच्या मानेला मिठी मारून बसलेला लोकांनी तीन गावांत पाहिला. तिसऱ्या गावात त्याला चहा पाजून परत पाठवलं, पण तोवर मुहूर्त टळला होता आणि भटजी दुसऱ्या लग्नाला गेले होते. सिस्टरांनी घड्याळ पाहून नोंद केली, अकरा सेकंद.

वडीगोद्रीला हमरस्त्यावर एका टायरच्या दुकानाचं उद्घाटन होतं. तिथं गाणं पस्तीस सेकंदांपर्यंत गेलं. मग रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांना वाटलं की पाठीमागून कोणीतरी बाजू मागून राह्यलंय. एकानं हॉर्न दिला, त्याच्या मागच्यानं दिला, आणि पैठणच्या दिशेनं जी हॉर्नची ओळ सुरू झाली ती तिकडच्या लोकांच्या सांगण्याप्रमाणं दोन दिवस पुरली. तिसरा प्रयोग शाळेच्या स्नेहसंमेलनात. बावन्न सेकंद. तिथं मुख्याध्यापकांनी स्वतः वायर उपटली, कारण शिक्षणखात्याचे एक साहेब पाहुणे होते आणि ते नेमके जेवून आले होते.

अकरा, पस्तीस, बावन्न. कोणाला यात अपयश दिसेल. सरांना यात चढती कमान दिसली. अजून अठ्ठेचाळीस सेकंद पदरात पडले की सव्वीस वर्षांचं सार्थक होणार होतं. पण गावानं सांगितलं, आता लेखी परवानगी आणल्याशिवाय पिंपाला हात लावायचा नाही.

अर्ज लिहिणं हे सरांचं खास क्षेत्र होतं. अर्जाला मध्येच कोणी तोडत नाही. त्यांनी एका बैठकीत सुंदर मसुदा केला आणि टाइप करायला सोमेश्वरच्या झेरॉक्सच्या दुकानात दिला. सोमेश्वरच्या कॉम्प्युटरची अर्धचंद्राची कळ दोन वर्षांपूर्वी चहा सांडून मेली होती. तेव्हापासून त्याच्या दुकानातून बाहेर पडणारी बॅग ही बग असायची आणि कॅशियर हा कशियर. लोकांना सवय झाली होती. सरांनी कागद वाचून पाहिला, पण आपलंच लिहिलेलं माणूस वाचत नाही, आठवतो. त्यांनी सही केली. अर्ज असा होता :

"विषय : जाहीर बंड करण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंतीपूर्वक अर्ज करण्यात येतो की, आम्ही खाली सह्या करणारे तिघे जण मागील दीड वर्षापासून गरेजमध्ये बंडाचा नियमित सराव करीत आहोत. आमचे बंड लहान असले तरी आवाज मोठा आहे. यापूर्वी धावडा व वडीगोद्री येथे आमचे बंड झालेले असून लोकांनी चांगला प्रतिसाद दिला आहे. तरी शनिवारी बाजारमैदानात बंड करण्यास परवानगी द्यावी, ही नम्र विनंती. आपला विश्वासू."

राधेश्यामनं अर्ज उभा वाचला, आडवा वाचला, चष्मा कपाळावर घेतला.

"किती जणांचं बंड म्हणता, सर?"

"तिघांचं."

"आन् किती दिवस चालणार?"

"एक मिनिट चाळीस सेकंद."

राधेश्यामच्या चेहऱ्यावर आदर आला. एवढं आटोपशीर काम त्यानं सरकारी नोकरीत पाहिलं नव्हतं. "कोणाच्या विरोधात?" त्यानं विचारलं. सरांना वाटलं, हा बँडाला बंड म्हणतोय ते त्याच्या जिभेचं वळण असेल. विरोधात कशाला असेल, लोकांची करमणूक म्हणून आहे, असं ते म्हणाले. राधेश्यामनं समासात लिहिलं, 'बंडाचा उद्देश : करमणूक. विरोध : सर्वसाधारण.' मग त्यानं मायेनं सांगितलं की साहेब जेवायला गेलेत, कागद टेबलावर ठेवतो.

पुढं तो कागद पाच टेबलांवरून गेला. एका टेबलानं विचारलं, बंडाच्या जागेचा नकाशा कुठाय. दुसऱ्यानं विचारलं, बंडात महिलांना प्रतिनिधित्व आहे का, तर सिस्टरांमुळं ते तेहेतीस टक्के निघालं. तिसऱ्यानं अग्निशामक व्यवस्थेचा दाखला मागितला. बंड कशाला, असं मात्र एकाही टेबलानं विचारलं नाही, कारण तो रकाना नमुन्यात नव्हता.

एकविसाव्या दिवशी पत्र आलं. ते दैवशालाबाईंनी भाकरी थापता थापता वाचलं आणि पिठाच्या हातानं कपाळ धरून खाली बसल्या. सरांना आधी वाटलं, नकार आला. बाईंना हसू आवरत नव्हतं. त्यांनी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं :

"आपणास कळविण्यात येते की, बंड करण्यास या कार्यालयाची हरकत नाही. अटी : एक, बंड शांततेत व शिस्तीत पार पाडावे. दोन, बंड कार्यालयीन वेळेत, म्हणजे सायंकाळी पावणेसहाच्या आत संपवावे. तीन, बंडामुळे कोणाच्याही भावना दुखावणार नाहीत याची दक्षता घ्यावी. चार, बंडाचे उद्घाटन सक्षम अधिकाऱ्याच्या हस्ते करावे. पाच, बंड संपल्यावर मैदान झाडून द्यावे."

"आवं, आता तुम्ही सरकारमान्य बंडखोर झालात," बाई म्हणाल्या. "बसा, जेवून घ्या."

सर जेवले नाहीत. ते तसेच तालुक्याला गेले. राधेश्यामनं त्यांचं म्हणणं एक वाक्यभर ऐकलं आणि गळ्याशप्पथ सल्ला दिला. दुरुस्ती करायची तर नव्यानं अर्ज, नव्यानं पाच टेबलं. शिवाय बँडाला ध्वनिक्षेपकाचा परवाना लागतो, करमणुकीचं शुल्क लागतं, पोलिसांचा दाखला लागतो. "बंडाला अजून शासननिर्णयच न्हाई, सर. त्यामुळं काहीच लागत न्हाई. घेऊन टाका."

सरांनी घेऊन टाकलं. एक मिनिट चाळीस सेकंदांसाठी त्यांची कशालाही तयारी होती.

बातमी मात्र त्यांच्या आधी गावात पोचली. बद्रीअण्णा दारातच उभे होते. त्यांचा चेहरा पडलेला. "गुरुजी," ते म्हणाले, "शेजारी राहून बंड करता आन् आम्हाला कळवत न्हाई. आमचं काही चुकलं का?" सरांनी खुलासा करायला सुरुवात केली, तोवर अण्णांनी स्वतःला बंड समितीचा अध्यक्ष करून घेतलं होतं. दोन दिवसांत समितीवर एकोणतीस माणसं झाली. उपाध्यक्ष, स्वागताध्यक्ष, भोजनप्रमुख. सरकारनंच परवानगी दिली म्हटल्यावर भीती कशाची. ज्याच्या रोहित्राचा फ्यूज चार महिन्यांपासून उडालेला तो आला, ज्याच्या रेशनकार्डावर मेलेला बैल कुटुंबप्रमुख लागलाय तो आला, ज्याला काहीच तक्रार नव्हती तो आपण मागं राहू नये म्हणून आला. टेंभुर्णीच्या बाजारात फलक लागला, 'चलो उंबरवाडी, भव्य बंड, भोजनाची सोय.' फलकावर बेचाळीस फोटो होते. वर साहेबांचा, मधी अण्णांचा, आणि खाली डाव्या कोपऱ्यात, मंडपवाल्याच्या फोटोच्या बाजूला, सरांचा. तोही शाळेच्या ओळखपत्रावरचा, शिक्क्यासकट.

सरांना ते लागलं. पण सिस्टरांनी समजूत घातली, फोटो कुठंही असो, माइक तुमच्याच तोंडासमोर येणार. आणि गर्दी म्हणाल तर अख्ख्या तालुक्यात आजवर कोणाला मिळाली नाही एवढी. हे ऐकून सरांनी त्या रात्री गुडघ्याला तेल लावलं.

शनिवारी एप्रिलचं ऊन असं होतं की मंडपाचं कापड वितळून खाली बसलेल्यांच्या अंगावर शर्टासारखं बसलं. माणसं तीन हजार तरी होती. सोमेश्वरकडं सूत्रसंचालन दिलेलं, कारण माइक त्याचा होता. उद्घाटन अकराला. उद्घाटक म्हणून कचेरीचेच साहेब होते आणि ते साडेदहालाच गावात आले, हे साहेबांच्या इतिहासात प्रथमच घडलं. आपल्या कारकिर्दीत आपल्या हस्ते बंड होतंय याचा त्यांना मनापासून अभिमान वाटत होता. पण भोजनप्रमुखांनी त्यांना रस्त्यातच गाठलं आणि आधी दोन घास घेऊ म्हणून अण्णांच्या घरी नेलं. अण्णांकडं पुरण होतं, आमरस होता, वर तूप वाढायला अण्णा स्वतः.

अकराला सोमेश्वरनं माइकवरून सांगितलं, "बंधुभगिनींनो, बसून घ्या, साहेब जेवायला गेलेत."

साडेअकराला सांगितलं, साहेब जेवायला गेलेत. बाराला सांगितलं. एकला सांगितलं, तेव्हा मागच्या रांगेतून दहा-बारा जणांनी त्याच्याबरोबरच म्हटलं. दोनला अर्ध्या मंडपानं म्हटलं. सरांच्या अंगावर काटा आला. आपलं गाणं आपल्या आधीच सुरू झालंय हे त्यांना दिसत होतं आणि त्यावर उपाय नव्हता. कडूबानं विचारलं, गाडी पिळू का. सर म्हणाले, थांब. उद्घाटनाआधी बंड केलं तर अट मोडते.

पावणेपाचला साहेब आले. मग सत्कार. सत्कार ही गोष्ट आपल्याकडं एकदा सुरू झाली की तिला ब्रेक नसतो. साहेबांचा झाला, अण्णांचा झाला, एकोणतीस समितीसदस्यांचा झाला, मंडपवाल्याचा झाला. सरांचा तर अकरा वेळा झाला, कारण ज्याच्या हातात शाल उरली त्याला सर गिटारमुळं लांबून दिसायचे. अकरा शालींच्या आत सर उकडून निघाले. गिटारच्या पोकळीत कोणीतरी नारळ ठेवला होता, तो आत घसरला तो अजून निघालेला नाही. मग भाषणं. अण्णांनी बंडाची परंपरा सांगितली. साहेब म्हणाले, बंड हे नियमात राहून करायचं असतं, आणि या गावानं तालुक्याला आदर्श घालून दिला आहे.

पाच बेचाळीसला माइक सरांकडं आला.

तीन मिनिटं होती. गाण्याला एक चाळीस. सरांनी शाली झटकल्या, कडूबाकडं पाहिलं, सिस्टरांनी गज उचलले. राजदूत गर्जली, पिंपं दणाणली, गिटारमधला नारळ हादरला. सरांनी छाती भरून घेतली आणि सव्वीस वर्षांचा आवाज बाहेर काढला, "साहेब,"

पुढचे दोन शब्द तीन हजार माणसांनी म्हटले.

त्यांना शिकवावं लागलं नव्हतं. कोणी चार वर्षं शिकलं होतं, कोणी दहा, आणि आज दिवसभर सोमेश्वरनं उजळणी करून घेतली होती. अकराला गेलेत, चार वाजलेत, हेही त्यांनी आपोआप म्हटलं. रोहित्रवाला उड्या मारत होता. बैलाचा वारस खुर्ची बडवत होता. सर बोंबलत होते, पण त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाही येत नव्हता. बरोबर पावणेसहाला साहेबांबरोबर आलेल्या राधेश्यामनं अट नंबर दोनप्रमाणं वीज बंद केली. माइक मेला, गिटार मेली. लोकांना काहीच फरक पडला नाही. पिंपांना वीज लागत नव्हती आणि राजदूतमध्ये पेट्रोल होतं.

सरांनी व्यासपीठावरच्या साहेबांकडं भीत भीत पाहिलं. साहेब उभे राहिले होते. आधी ते टाळ्या वाजवत होते, स्वागतगीत समजून. मग शब्द त्यांच्या कानात शिरले असावेत, कारण त्यांचा चेहरा बदलला. पण राग आला नाही. साहेबांच्या बदलीचा अर्ज तीन वर्षांपासून जिल्ह्याला पडून होता, आणि तिथल्या मोठ्या साहेबांना भेटायला ते जेव्हा जेव्हा गेले होते तेव्हा तेव्हा मोठे साहेब जेवायला गेलेले होते. साहेबांनी गळ्यातला हार काढला, अण्णांच्या हातात दिला आणि असा काही सूर लावला की पहिल्या रांगेतलं एक तान्हं मूल जागं होऊन चालायला लागलं.

मग सर गिटार खाली ठेवून, अकरा शाली अंथरून त्यांवर बसले आणि ऐकत राहिले. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की आपण कधी कोणाचं एवढा वेळ ऐकलेलं नाही. सिस्टरांनी नोंद केली, गाणं सव्वीस मिनिटं, त्यात सरांचा वाटा एक सेकंद.

मैदान झाडून दिलं गेलं. झाडणाऱ्यांत साहेब पण होते.

सोमवारी कचेरीत फर्मान निघालं की आजपासून त्या तीन शब्दांचं वाक्य या इमारतीत कोणीही, कोणत्याही कारणानं, उच्चारू नये. मंगळवारी सर उताऱ्यासाठी दहाव्यांदा गेले. दुपारची वेळ होती. सर खिडकीशी दिसले तसा राधेश्याम उठून उभा राहिला. त्याच्या मागं चार टेबलं उठली. कोणीतरी पंखा बंद केला, म्हणजे शब्द ऐकायला अडचण नको. राधेश्यामनं दार उघडून सरांना आत घेतलं, खुर्ची दिली आणि हात जोडून म्हणाला, "बोला, सर. पूर्ण बोला. आम्ही ऐकून राह्यलो."

सर म्हणाले, "त्याचं असं झालं,"

आणि थांबले. कोणी मध्ये पडेल म्हणून थांबले. कोणी पडलं नाही. चार टेबलं, एक शिपाई आणि भिंतीवरची पाल, सगळे सरांच्या तोंडाकडं पाहत होते. सरांनी पुढचा शब्द शोधला. तो नव्हता. सव्वीस वर्षांत त्यांना पुढचा शब्द लागलाच नव्हता, त्यामुळं त्यांनी तो कधी तयार केला नव्हता. घाम फुटला. खोलीत डब्यांचा वास येत होता. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून ते बोलले, "तुमची जेवणं व्हायची असतील."

सगळ्या कचेरीनं श्वास सोडला. राधेश्यामनं डबा उघडला, ज्वारीची भाकरी आणि मेथी, आणि सरांना हाताला धरून बसवलं. नाही म्हणायची सोय नव्हती. चार डबे पुढं आले, ठेचा आला, कोणी दही वाढलं. आग्रह असा चालला होता की जणू सर या कार्यालयाचे जावई. सरांनाही भूक होती. दुसरी भाकरी त्यांनी मागून घेतली.

तेवढ्यात खिडकीतून एक सुरकुतलेला हात आत आला. हातात एक चौघडी केलेला कागद होता. बाहेर सोनूबाई नावाची म्हातारी उभी होती. ती म्हणाली, "बाबा, माझं एवढं बघता का? सहाव्या बारीला आले."

राधेश्यामच्या तोंडात घास होता आणि वर फर्मान होतं. त्यानं मागं पाहिलं. चारही टेबलांनी माना खाली घातल्या. मग सगळ्यांनी मिळून सरांकडं पाहिलं. सर कार्यालयाचे नव्हते, त्यांना फर्मान लागू नव्हतं.

सरांनी घास गिळला. खिडकीकडं तोंड केलं आणि अगदी मायेनं, सावकाश, एक वाक्य बोलले. वाक्य मोठं नव्हतं, तीनच शब्दांचं होतं. सोनूबाईनं मध्ये चकार शब्द न काढता ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मान हलवली, आणि कागद पदराच्या गाठीला बांधून फाट्याच्या गाडीला निघून गेली.